उकाड्यातली बर्फाची परीक्षा

मित्रांनो, माझं नाव तुम्ही बहुधा ऐकलं नसेल. समुद्रात तेल सांडलं तर ते पसरू नये म्हणून पाण्यावर अंथरतात, तसला मी एक जुना तरंगता बांध आहे. कामावरचे लोक मला बूम म्हणतात. रंगाने मी नारिंगी. माझ्या वरच्या भागात फोमचे लांबट लोड भरलेले आहेत, म्हणून मी तरंगतो. खाली पाण्यात माझा पडदा लोंबतो आणि तो सरळ राहावा म्हणून त्याच्या काठाला जड साखळी ओवलेली आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. ते तरंगत येतं, माझ्यापाशी अडतं आणि साचून राहतं. मग पंपाने ते उचलून घेतात. एवढंच माझं काम.

सध्या मी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन बंदराजवळच्या एका आवारात पडून आहे. स्वभावाने मी संशयी आहे. कोणी माझं कौतुक करू लागलं की याला माझ्याकडून काय हवं असेल, असं माझ्या मनात येतं. मी पहिल्यापासून असा नव्हतो. कसा झालो ते सांगतो.

माझा जन्म एका थंड देशातल्या बंदरगावात झाला. तिथल्या कारखान्यात जाड रबरी कापडाचे पट्टे तापवून एकमेकांना चिकटवत आणि वरून पुन्हा शिवण घालत. मला शिवणारी बाई अबोल होती. शेवटची शिवण झाल्यावर तिने मला दोन्ही हातांनी चांगलं खेचून पाहिलं. उसवत नाही अशी खात्री झाल्यावरच तिने मला गुंडाळलं.

पहिलं काम मला एका लहान बंदरात मिळालं. तिथे एका बोटीची टाकी गळत होती. पाणी संथ होतं, वारा नव्हता. दोन होड्यांनी माझी दोन टोकं धरून मला तेलाभोवती फिरवलं आणि त्या काळ्या थराला मी पुढे सरकू दिलं नाही. पलीकडच्या खाडीत बदकांची पिल्लं पोहत होती. त्यांच्या अंगाला एक थेंबही लागला नाही. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आपण उपयोगाचे आहोत हे कळण्यासारखं सुख नाही.

त्यानंतर मला एका मोठ्या जहाजात चढवून आर्क्टिक समुद्रात नेलं. तो समुद्र मी पहिल्यांदाच बघत होतो. उन्हाळा असल्यामुळे सूर्य मावळतच नव्हता. पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते. काही ताटाएवढे, काही मैदानाएवढे. एका मोठ्या तुकड्यावर लांब सुळ्यांचे वॉलरस झोपले होते, लग्नघरात दुपारी पाहुणे एकमेकांना रेलून झोपतात तसे. बर्फाच्या भोकातून सील डोकं वर काढायचे, श्वास घ्यायचे आणि बुडी मारायचे. आयडर नावाची बदकं बर्फामधल्या मोकळ्या पाण्यात थव्याने उतरायची. एकदा एक पांढरं अस्वल लांबून आमच्या जहाजाकडे बघत उभं राहिलं. त्याच्या मागे पिल्लू होतं. आईने हवेत वास घेतला, पिल्लाला पुढे घातलं आणि दोघं निघून गेली. ती आमच्या वासाला भ्यायली, हे मला तेव्हा समजलं नाही.

तिथे एका कंपनीला समुद्राच्या तळातून तेल काढायचं होतं. चुकून तेल सांडलंच तर ते अडवता येतं, हे सरकारी लोकांना दाखवायला मला नेलं होतं. परीक्षेसाठी खरं तेल ओतता येत नाही, म्हणून त्यांनी पाण्यात संत्री टाकली. संत्रीसुद्धा तरंगतात. मी त्यांच्याभोवती छान वळण घेतलं आणि एका माणसाने पटापट फोटो काढले. तोवर वारा फिरला आणि बर्फाचे तुकडे माझ्यावर येऊन आदळू लागले. त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होत्या. माझा पडदा तीन ठिकाणी फाटला. संत्री बर्फाखाली शिरली आणि दूरच्या एका फटीतून वर आली. एका आयडर बदकाने त्यातलं एक चोचीने टोचून पाहिलं आणि ते उडून गेलं. ते संत्रं होतं म्हणून त्याला उडता आलं.

फोटोवाल्याने कॅमेरा गळ्यात तसाच लोंबू दिला. नंतरचा एकही फोटो निघाला नाही.

ती कंपनी पुढे कुठल्या तरी कारणाने तिथून निघून गेली. मला ठिगळं लावून विकायला काढलं. माझ्यासोबत ते फोटोही गेले. संत्र्यांना कवेत घेतलेला मी आणि मागे चमकणारा बर्फ. खाली लिहिलं होतं, ‘आर्क्टिकमध्ये वापरलेला’. यात खोटं काहीच नव्हतं, मित्रांनो. मला वापरलं होतं हे खरंच होतं. ते वाक्य वाचून लोक मान डोलवायचे आणि मला थोपटायचे. तेव्हापासून मी थोपटणाऱ्या हातांकडे सावधपणे बघू लागलो.

असा मी डार्विनला आलो. इथे बर्फ फक्त सरबतात आणि मासळीच्या पेट्यांत. एका लहानशा कंपनीने मला घेतलं. तेल सांडलं तर काय करायचं, हे ती इथल्या गॅसप्रकल्पातल्या लोकांना शिकवायची आणि लागणारं सामान पुरवायची. मी मात्र गोदामातच राहिलो. पावसाळ्यात माझ्या घड्यांमध्ये हिरवे बेडूक येऊन बसायचे. माझ्यावर धूळ साचली, वर बुरशी आली, आणि माझी चौकशी कोणी केली नाही.

मग ती महामारी आली. शिकायला येणाऱ्यांचा राबता एकाएकी थांबला. फाटकावर हात धुण्याचं सामान आलं, जमिनीवर पिवळ्या खुणा आल्या, किती अंतरावर उभं राहायचं त्या. आवारातली निम्मी माणसं घरी गेली आणि परत आलीच नाहीत. उरलेल्यांत शुभदा होती.

शुभदा पुण्याची इंजिनिअर. सामानाची तपासणी आणि देखभाल तिच्याकडे होती. तिचा नवरा विवेक सिडनीच्या गिरावीन उपनगरात राहायचा आणि पॅरामॅटाच्या एका बँकेत काम करायचा. शुभदाचा व्हिसा या कंपनीने स्पॉन्सर केला होता, म्हणजे नोकरी होती तोवरच व्हिसा, आणि विवेकचा व्हिसा तिच्या व्हिसावर अवलंबून होता. दर दोन महिन्यांनी भेटायचं असं ठरवून ती डार्विनला आली, आणि मग सीमा बंद झाल्या. सिडनीहून येणाऱ्याला दोन आठवडे विलगीकरणाच्या छावणीत डांबून ठेवत. त्यामुळे ती दोघं फक्त फोनवर भेटायची. जेवणाच्या सुट्टीत ती गोदामात माझ्याच गुंडाळीवर बसायची, फोन एका खोक्याला टेकवायची आणि डबा उघडायची. त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू यायचं.

काम कमी झालं तसं तिने मला उघडलं. धुतलं, सुकवलं, साखळीचा गंज खरवडून काढला. एकेक ठिगळ हाताने चाचपलं. मला हे आवडायला हवं होतं. पण मला वाटलं, इतकी वर्षं कोणी विचारलं नाही आणि आता ही एवढं पुसतेय, म्हणजे कुठेतरी दाखवायला न्यायचं असणार.

माझा संशय खरा ठरला. पण तिच्याबद्दलचा तेवढा नाही.

आंब्याचे दिवस होते. डार्विनला पावसाळा सुरू होण्याआधी असा उकाडा येतो की माणसं एकमेकांशी बोलायलाही कंटाळतात. रोज ढग येत, गडगडत आणि न पडताच निघून जात. अशा एका दुपारी यतीन गोदामात आला. तो इथला मॅनेजर. मुंबईहून शिकायला म्हणून डार्विनला आला आणि इथलाच झाला. शुभदाला या नोकरीत त्यानेच आणलं होतं, आणि ती एकटी पडली म्हणून दर रविवारी तिला घरी जेवायला बोलवायचा.

“शुभदा, एक मोठं काम आलंय,” तो म्हणाला. मास्क त्याने हनुवटीवर ओढला होता. “वर आर्क्टिकमध्ये एक कंपनी ड्रिलिंग करणार आहे. त्यांना परवानगीसाठी बूमचा डेमो दाखवायचाय. त्यांची नेहमीची टेस्ट टँक कोविडमुळे बंद आहे आणि तज्ज्ञ लोकांना प्रवास करता येत नाही. आपला हा बूम आर्क्टिकमध्ये वापरलेला आहे, म्हणून त्यांनी आपल्याला विचारलं. डेमो इथेच करायचा. पलीकडे सगळे ऑनलाइन बसतील.”

“इथे म्हणजे?”

“आपल्या बंदरात. आर्वोला, म्हणजे दुपारी, भरती संपली की पाणी एकदम शांत असतं. कॅमेऱ्यावर मस्त दिसेल.”

शुभदा माझ्या एका ठिगळावर बोट ठेवून उभी होती. “आणि बर्फ?”

“बर्फाचं त्यांचं ते बघतील. आपण फक्त बूम दाखवायचा.”

“यतीन, हा बूम आर्क्टिकमध्ये वापरला होता ना? मग हा फाटला कुठे?”

“जुना माल आहे. ठिगळं असणारच.”

“तिन्ही ठिगळं पडद्यावर आहेत. पाण्याखालच्या भागात. वरून घासून फाटलेला नाहीये हा, काहीतरी येऊन आदळलंय. फोटोत तर एकही भोक नाही.”

यतीनने कपाळाचा घाम पुसला. “तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं,” तो हसून म्हणाला. पण हसू टिकलं नाही. “हे काम गेलं तर पुढच्या महिन्यात अजून माणसं कमी करावी लागतील. कोणाला काढू, तूच सांग.”

तो गेल्यावर शुभदा माझ्याशेजारी बसली. मग तिने विवेकला फोन लावला.

“करून टाक ना,” सगळं ऐकून विवेक म्हणाला. “तू खोटं थोडीच बोलणार आहेस? शांत पाण्यात चालतो म्हणून दाखवायचं. चालतोच ना?”

“चालतो. पण बघणाऱ्यांना काय वाटणार? की तिकडेही चालतो.”

“ते त्यांनी विचारावं.”

“आणि त्यांनी नाही विचारलं तर?”

“शुभदा, तुझी नोकरी गेली तर दुसरा स्पॉन्सर शोधायला फार वेळ देत नाहीत. या दिवसांत कोण देणार आहे व्हिसा? पुण्याची फ्लाइटसुद्धा मिळत नाहीये. मी घाबरवत नाहीये तुला. पण नीट विचार कर.”

“तेच करतेय,” ती म्हणाली. डब्यातला भात तिने तसाच झाकून ठेवला.

मित्रांनो, मला यतीन आणि विवेक दोघांची बाजू समजत होती. तरी मला शुभदाची शंका येतच होती. फाटल्याचं कारण तिला जाणून घ्यायचं होतं ते कशासाठी? सांगण्यासाठी, की नीट लपवण्यासाठी? जखम कुठे आहे हे माहीत असलेला माणूस ती चांगली झाकू शकतो.

दोन दिवसांनी तिने यतीनला सरळ सांगितलं, “डेमोच्या आधी मला याला बर्फात घालून बघायचंय. हौदात.”

आमच्या आवारात शिकवण्यासाठी सिमेंटचा एक मोठा हौद होता, समुद्राच्या पाण्याने भरलेला.

“या उकाड्यात? वेडी आहेस का तू?”

“मासेवाल्यांच्या धक्क्यावर लाद्या मिळतात. मी विचारून आलेय.”

यतीनने मास्क नाकावर ओढला. “बघ,” तो म्हणाला. “पण कॅमेरा नको.”

रविवारी ट्रक आला. गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या हौदाकाठी उतरवल्या, तेव्हा त्यांच्यातून वाफेसारखं धुकं निघत होतं. इतक्या वर्षांनी तो वास मला आला आणि माझं कापड आखडलं. तेलाच्या जागी काय टाकायचं, तेही शुभदाने ठरवलं होतं. इंडियन दुकानातून तिने चुरमुऱ्यांची मोठाली पाकिटं आणली होती. चुरमुरे तरंगतात, भिजले की एकमेकांना चिकटतात आणि माशांनी खाल्ले तरी बाधत नाहीत. यतीनने ती पाकिटं पाहून विचारलं, “भेळ करायचीय का?” ती हसली नाही.

माझी दोन टोकं दोर गुंडाळून ओढणाऱ्या दोन यंत्रांना, विंचना, बांधली. चुरमुरे मोकळे केले. मी त्यांना वळसा घातला आणि सगळे अडवले. मग लाद्या पाण्यात सोडल्या. पण डार्विनचं पाणी ते! लाद्या माझ्यापर्यंत येईतो त्यांच्या कडा गोल होऊन गेल्या. त्या मला नुसत्या हळूच टेकल्या. काही झालं नाही.

“बघ,” यतीन म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. “झालं समाधान?”

शुभदा हौदाच्या काठावर बसून वितळणाऱ्या लाद्यांकडे बघत होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की हा बर्फ तो नव्हे. तो बर्फ वितळत नाही, तो थांबत नाही, त्याच्यामागे सबंध समुद्राचं वजन असतं. पण आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. आमचं फक्त फाटणं दिसतं.

तिने उरलेल्या लाद्या एकदम सोडायला लावल्या. हौदाचा पृष्ठभाग जवळजवळ भरून गेला आणि पाणी गार पडलं. मग ती म्हणाली, “आता बर्फ याच्याकडे यायची वाट नको बघूया. याला बर्फाकडे ओढूया.”

विंच फिरू लागले. मी त्या गर्दीत ओढला गेलो. आधी एक लादी माझ्यावर उलटली आणि तिने मला पाण्याखाली दाबलं. त्याच क्षणी चुरमुरे माझ्यावरून पलीकडे वाहिले. काही लाद्यांच्या खाली शिरले आणि तिथेच चिकटून बसले. हे सगळं होईपर्यंत मी कुठेही फाटलो नव्हतो. मग दुसऱ्या लादीची कड जुन्या ठिगळावर आली. टर्रकन आवाज झाला.

यतीनने स्वतःच धावत जाऊन विंच बंद केले. दोघं काठावर उभी राहिली. पाण्यावर सगळीकडे पांढरा लगदा तरंगत होता. शुभदाने एका लादीची कड उचलून धरली. तिच्या पोटाला चुरमुऱ्यांचा थर बसला होता.

“हे तेल असतं तर?” ती म्हणाली. “सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकांतूनच वर येतात ना?”

यतीन खाली बघत होता. “ठिगळ लाव,” तो हळू आवाजात म्हणाला. “उद्या साध्या पाण्यात दाखवू. प्लीज.”

आणि शुभदाने ठिगळ लावलं. संध्याकाळपर्यंत बसून, अगदी नीट. शेवटी दोन्ही हातांनी मला खेचून पाहिलं. मी मनात म्हटलं, झालं. हीसुद्धा त्यांच्यातलीच निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बंदरात उतरवलं. पाणी खरंच काचेसारखं होतं. मगर दिसली तर सांगायला एक माणूस होडीत उभा होता. धक्क्यावर तंबू ठोकून यतीनने टेबलावर लॅपटॉप आणि मोठा पडदा ठेवला होता. पडद्यावर लहान लहान चौकटींत माणसं बसली होती. कंपनीचा एक हसरा माणूस, काही सरकारी अधिकारी, आणि एका चौकटीत एक वयस्कर बाई. तिच्यामागच्या खिडकीबाहेर अंधार होता आणि काचेवर बर्फ जमला होता. ती त्या समुद्रकाठच्या गावातली होती. तिच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच बर्फावर शिकार करत आली होती. पूर्वी असल्या परीक्षा जिथे व्हायच्या तिथवर येणं तिच्या गावाला जमत नसे, असं एक अधिकारी ओळख करून देताना म्हणाला. आता सगळेच घरी बसलेले, म्हणून तीही बसली होती. मला तिचाही संशय आला. म्हटलं, हिला शोभेला बसवलं असेल.

परीक्षा उत्तम झाली. मी ठरल्याप्रमाणे वळलो, ठरल्याप्रमाणे अडवलं. चौकटींतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीचा माणूस म्हणाला, “सुंदर. आणि हा बूम आर्क्टिकमध्ये वापरलेला आहे, हे मी मुद्दाम सांगतो.”

त्या बाईने हात वर केला. ती सावकाश बोलायची, शब्द निवडून.

“पाणी छान आहे तुमच्याकडे,” ती म्हणाली. “आमच्याकडे असं फार थोडे दिवस असतं. मला एक विचारायचंय. तिथे उभी असलेली ती मुलगी, जिने हा सांभाळलाय, तिला. हा बर्फात कसा वागतो?”

कंपनीचा माणूस लगेच म्हणाला, “तो भाग आम्ही वेगळा घेतला आहे.”

“मी तिला विचारलं,” बाई म्हणाली.

यतीनचा हात माऊसवर होता. आवाज बंद करायचं बटण त्याच्या बोटाखालीच होतं. त्याने शुभदाकडे बघितलं. शुभदाने त्याच्याकडे बघितलं. धक्क्यामागच्या आंब्यावरच्या पक्ष्यांचा कलकलाट तेवढा ऐकू येत होता.

यतीनने हात उचलून मांडीवर ठेवला.

“आम्ही काल याला हौदात बर्फात घातलं होतं,” शुभदा म्हणाली. “हा फाटला. हा जुना आहे, याला आधीचीही ठिगळं आहेत, नवा असता तर कदाचित फाटला नसता. पण फाटण्याच्या आधीच आमचे चुरमुरे, म्हणजे तेलाच्या जागी आम्ही जे टाकलं होतं ते, याच्यावरून गेले आणि बर्फाखाली अडकले. ते आम्हाला शेवटपर्यंत काढता आले नाहीत. आमच्या हौदात काढता आले नाहीत. तुमच्या समुद्रात कसे काढणार, ते मला माहीत नाही.”

त्या बाईने विचारलं, “त्याची जुनी ठिगळंही बर्फाचीच का?”

“मला तसं वाटतं. मी बघितलेलं नाही.”

“मला वाटतं, माझ्या भावाने बघितलंय,” बाई म्हणाली. “आमच्याकडे अशाच नारिंगी बूमची परीक्षा झाली, तेव्हा तो जहाजावर वाट दाखवायला होता. त्याने घरी येऊन सांगितलं होतं, पण त्याला कोणी विचारलं नाही.”

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या संशयाची लाज वाटली असं मी म्हणणार नाही. संशयानेच मला जागं ठेवलं होतं, आणि शुभदालाही. एवढंच म्हणतो, की आदल्या संध्याकाळी तिने मला इतकं नीट शिवलं ते लपवण्यासाठी नव्हतं. ज्याला दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरायचं आहे त्याला फाटका पाठवायचा नाही, एवढाच तिचा विचार होता.

पुढे काय झालं तेही सांगतो. बर्फातल्या परीक्षेशिवाय परवानगी मिळणार नाही, असं अधिकाऱ्यांनी कळवलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथे तेलाची विहीर खोदली गेली नाही. ‘रद्द’ असा शब्द मात्र कोणी वापरला नाही. ‘पुढे ढकललं’ असं म्हणाले. आमचं काम गेलं आणि यतीनला माणसं कमी करावी लागली. शुभदाचं नाव वरच्या साहेबांकडूनच आलं होतं. तिला ते सांगताना तो तिच्याकडे बघू शकला नाही. ती म्हणाली, “मला माहीत होतं. नो वरीज.” मग गोदामाच्या मागे जाऊन ती बराच वेळ उभी राहिली.

सीमा उघडल्यावर ती विवेककडे गिरावीनला गेली. व्हिसाची मुदत संपत आली तरी नोकरी मिळेना. विवेकने सामानाची खोकीसुद्धा भरायला घेतली होती. शेवटी पॅरामॅटाच्या एका ऑफिसात तिला काम मिळालं, आधीपेक्षा खालच्या हुद्द्याचं, नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासण्याचं. हे मला यतीनच्या फोनवरून कळलं. तो मधूनमधून तिला फोन करतो.

मला आता बाहेर टाकलं आहे. उन्हाने माझा रंग विटला, कापडाला चिरा गेल्या, फोमचे लोड कुरतडून उंदरांनी घरं केली. माझ्या जागी नवा बूम आलाय. आर्क्टिकमध्ये ड्रिलिंग करणाऱ्या त्याच कंपनीचं नवं पत्रही आलं. पुन्हा डेमो, पुन्हा ऑनलाइन. गेल्या आठवड्यात यतीन माझ्याशेजारी सावलीत उभा राहून फोनवर बोलत होता.

“शुभदा, तो बर्फवाला कोण होता गं? नंबर आहे तुझ्याकडे?” तो म्हणाला. मग थोडं ऐकून म्हणाला, “नाही, या वेळी कॅमेरा लावूनच.”

तो खरं बोलत होता का, मला माहीत नाही. बर्फाचा ट्रक आला की बघेन. तोवर मी कोणाची हमी घेत नाही.

मित्रांनो, अशा वेळी आमच्यासारखे म्हातारे सांगतात, आम्हाला जपा, फेकू नका, पुन्हा वापरा. मी तसं सांगणार नाही. मला फेकलंत तरी चालेल. नवा, माझ्याहून मजबूत बूम शिवलात तरी त्याचं कौतुक जरा बेतानेच करा, आणि कोणी त्याचा फोटो दाखवला तर तो कुठल्या पाण्यातला आहे ते विचारा. मी तिकडे गेलो होतो. तिथे बर्फाच्या एका लहानशा भोकावर एका सीलचा सगळा श्वास अवलंबून असतो. ते भोक तेलाने भरलं तर ते पुसायला मी पुरणार नाही, माझा नवा भाऊही पुरणार नाही. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. त्या समुद्रात असं काही करू नका, की ज्यासाठी आम्हाला तिथे न्यावं लागेल.